फणसावरचा मेव्हणा

राष्ट्रीय उद्यानाचं पत्र घेऊन मोटारसायकलवाला आला, तेव्हा रुसोके मास्तर केळीच्या बागेत वाळकी पानं सोलत होते. पत्र गावाच्या नावाने होतं. पण न्याबुरारात कागद कोणाच्याही नावाचा असो, तो आधी मास्तरांकडेच यायचा. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत काढली होती, त्यातली एकोणीस मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सकाळी सात वाजता झोपेतसुद्धा त्यांचा उजवा हात घंटेची दोरी ओढायला वर जातो, असं त्यांची बायको कोबुसिंगे सगळ्यांना सांगत असे.

पत्रातला मजकूर थोडका होता. जंगलाला लागून असलेल्या गावांनी इतकी वर्षं चिंपांझींचा त्रास सोसला, त्याची जाणीव ठेवून उद्यानाने गावोगावच्या सहा-सहा जणांना चिंपांझी बघायला फुकट नेण्याचं ठरवलं होतं. न्याबुराराची तारीख अठ्ठावीस, गुरुवार. सकाळी आठला फाटकावर हजर राहायचं. सोबत नियमांची यादी जोडली होती.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि यादी चारदा. यादीत तेवीस नियम होते. दुसऱ्या कोणाला लग्नाचं जेवण बघून व्हावा तसा आनंद मास्तरांना नियम बघून व्हायचा.

"अब्वोली," त्यांनी बायकोला हाक मारली, "नियोजन करावं लागणार!"

आमच्याकडे माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याला ढकलून दिल्यासारखं. जन्मल्यावर नावाबरोबर एक लाडनावही मिळतं, आणि हाक मारायची ती त्याच. कोबुसिंगे ही अब्वोली, मास्तर अराली.

"कसलं नियोजन?" कोबुसिंगे अंगणात शेंगदाणे कुटत होती.

"चिंपांझी बघायला जायचं आहे."

तिने मुसळ काही थांबवलं नाही. "मी कालच बघितले. तीन होते, आपल्या मक्यात. एकाने माझ्याकडे बघत बघत कणीस सोललं, अगदी जावयासारखं. मी पातेलं बडवलं तेव्हा उठला. तोही कणीस संपवून."

"ते वेगळं, अब्वोली. तेव्हा ते आपल्याकडे आले. आता आपण त्यांच्याकडे जायचं."

"मग जाताना पातेलं घेऊन जा," कोबुसिंगे म्हणाली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मास्तरांच्या अंगणातल्या फणसाखाली सभा भरली. सहा जागांसाठी त्रेचाळीस जणांनी हात वर केले. ज्यांनी आयुष्यभर चिंपांझींना शिव्या देत दगड मारले होते, तेही म्हणू लागले, आमची त्यांना बघायची फार वर्षांची इच्छा आहे. मग समिती नेमली गेली. अध्यक्ष अर्थातच मास्तर. त्यांच्या हाताखाली आरोग्यप्रमुख, पोशाखप्रमुख, शिदोरीप्रमुख, काठ्याप्रमुख, आणि पाहुण्यांना नमस्कार कसा करायचा ते बघायला शिष्टाचारप्रमुख. हे शेवटचं पद कबोनेसा आजीला मिळालं. तिचं वय बहात्तर, आणि ती दुसरं कुठलं पद घ्यायलाच तयार नव्हती.

"एक सांग, अराली," आजीने पहिलाच प्रश्न टाकला, "त्यांना भेटल्यावर हाक काय मारायची? अनोळखी माणूस भेटला तरी आपण आधी त्याचं लाडनाव विचारतो. लाडनाव माहीत नसताना एखाद्याच्या दारात जाऊन नुसतं बघत उभं राहायचं, हे काय वळण झालं?"

यावर सभा पाऊण तास चालली. शेवटी असं ठरलं, की हा विषय उद्यानाला लेखी कळवावा.

खरी गोची झाली ती चौथ्या नियमापाशी. सर्दी, खोकला किंवा ताप असलेल्याला प्रवेश नाही, असा तो नियम होता. माणसाच्या साध्या पडशानेसुद्धा चिंपांझी दगावतो. त्रेचाळीस जणांतून सदतीस कसे वगळावेत या चिंतेत मास्तर होतेच, त्यांना हा नियम देवानेच धाडल्यासारखा वाटला. त्यांनी जाहीर केलं, की मंगळवारी सकाळी सगळ्यांनी उन्हाकडे तोंड करून एका रांगेत उभं राहायचं. ते स्वतः शंभरपर्यंत आकडे म्हणतील. त्या अवधीत जो शिंकला, खोकला किंवा ज्याने नाक ओढलं, तो बाद.

सोमवारी गावात कोणी कोणाच्या घरी गेलं नाही. काय सांगावं, जायचं आणि पडसं घेऊन यायचं! दुकानदाराने सुटे पैसे काठीच्या टोकाला बांधून द्यायला सुरुवात केली. दोन सख्ख्या जावांचं भांडण झालं, कारण एकीने दुसरीच्या चुलीत मुद्दाम ओली लाकडं सारली होती म्हणे.

मंगळवारच्या रांगेत सर्वांत पुढे छाती काढून बसालिझा उभा होता. हा कोबुसिंगेचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा. लाडनाव अतेन्यी. कुंपणापलीकडेच राहायचा आणि चहाच्या कारखान्यात चाळणीच्या खोलीत काम करायचा. वीस वर्षं चहाची धूळ नाकात जाऊन त्याच्या शिंकांनाही शिस्त लागली होती. आल्या की सात येत. सहा नाहीत, आठ नाहीत. चिंपांझी बघायला जायची हौस मात्र सगळ्या गावात त्याच्याइतकी कोणाला नव्हती. मास्तरांनी पत्र वाचल्यापासून त्याने बायकोला रोज एकच प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं, की त्यांना बघितल्यावर मी हसलो तर त्यांना राग येईल का?

आकडे सुरू झाले. तिसाला शाळेचा पहारेकरी खोकला. पंचेचाळीसला पाच बायका एकदम शिंकल्या आणि एकमेकींवर खेकसल्या. सत्तरच्या पुढे बसालिझाचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पठ्ठ्या हलला नाही. एक्क्याण्णव. ब्याण्णव. त्र्याण्णव झाले आणि आकाश फाटावं तशी पहिली शिंक आली. उरलेल्या सहा येईपर्यंत मास्तर आकडे थांबवून वाट बघत राहिले, कारण गडबडीत निर्णय देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाद," ते म्हणाले.

"दाजी, ही धूळ आहे. सर्दी नाही."

"नियम चार."

"बहिणीच्या नवऱ्याने नियम दाखवायचा, दाजी?"

"अतेन्यी, उद्या तुझ्या शिंकेने एखादा चिंपांझी मेला, तर त्याच्या बायकापोरांना मी काय तोंड दाखवू?"

बसालिझा तडक घरी गेला. त्या दिवशी त्याने जेवण केलं नाही. कोबुसिंगे नवऱ्याशी बोलेनाशी झाली आणि मास्तरांच्या ताटात तीन दिवस उकडलेल्या केळ्यांचं मटोके आलं ते नुसतं, बिनआमटीचं.

शंभरपर्यंत टिकले ते सात जण. त्यातला एक जण पंधरा वर्षांखालचा निघाला म्हणून गळला. उरलेल्या सहांत मास्तर होते, कबोनेसा आजी होती, दुकानदार होता, गावचा धर्मोपदेशक होता आणि चहा खुडणाऱ्या दोघी बहिणी होत्या. रांगेत बाद झालेले छत्तीस जण म्हणू लागले, की ही निवड नव्हे, हा उन्हाचा कट आहे.

अशात पोशाखप्रमुखाने अकरावा नियम काढला. सगळ्यांनी पँट घालायची आणि तिचे पाय मोज्यांत खोचायचे. चहावाल्या बहिणी लाजून चूर झाल्या. कबोनेसा आजी मात्र घरात गेली आणि थोड्या वेळाने स्वर्गवासी नवऱ्याची पोलिसातली पँट केळीच्या सोपटाने कमरेला बांधून बाहेर आली. अंगणातून एक फेरी मारून ती म्हणाली, "बेचाळीस वर्षं त्याने मला सांगितलं नाही, की याच्यात चालायला इतकं सोपं पडतं."

आता उरली होती रंगीत तालीम. शाळेचा वर्धापनदिनसुद्धा मास्तरांनी कधी तालमीशिवाय केला नव्हता. आठ मीटर अंतर म्हणजे किती, एक तास गप्प बसणं म्हणजे किती, हे अंगवळणी पडल्याशिवाय सहा माणसांना जंगलात नेणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. अडचण इतकीच होती, की तालमीला चिंपांझी हवा होता. मास्तरांनी बराच विचार केला. त्यात बिनआमटीच्या मटोक्याचा विचार किती होता, ते त्यांनाच ठाऊक. ते कुंपणापाशी गेले.

"अतेन्यी, एक काम आहे. जरा जबाबदारीचं आहे."

बसालिझाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठला चिंपांझी? साधा?"

"म्हणजे?"

"साधा असेल तर नाही जमायचं. मुख्य नर असेल तर बघू."

तालीम दुपारी झाली. बसालिझा फणसावर चढून बसला. सहाही जण तोंडाला फडकी बांधून, काठ्या टेकत, केळीच्या बागेला वळसा घालून आले आणि मास्तरांनी चुन्याने आखलेल्या रेषेमागे बसले. बसालिझाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने अर्धा तास काखेत खाजवलं. मग फणस फोडून गरे खाल्ले आणि आठळ्या एकेक करून धर्मोपदेशकाच्या टोपीवर टाकल्या. मग अचानक फांदी धरून अशी काही किंकाळी फोडली, की कुंपणाबाहेर बांधलेली बोकडं दावी तोडून पळाली. कोणी हललं नाही. नियम चौदा सांगत होता, पळू नये. त्यानंतर त्याला शिंका आल्या. सात.

"चिंपांझी शिंकतोय!" दुकानदार कुजबुजला. "चालतं का?"

मास्तरांनी यादी काढून वरपासून खालपर्यंत वाचली. "चिंपांझीने शिंकू नये असं कुठेच लिहिलेलं नाही," त्यांनी उत्तर दिलं.

तास संपला तेव्हा कबोनेसा आजी गुडघे चोळत उठली आणि म्हणाली, "हा पोरगा चाळीस वर्षं माझ्या शेजारी राहतोय, पण मी त्याला असा कधी बघितलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाद झालेले सहा जण मास्तरांच्या दारात उभे. आम्हालाही तालमीला बसायचं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी बारा जण आले. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. सकाळी नऊला एक तुकडी, दुपारी तीनला एक. सहाच माणसं, फडकी बांधून, एकच तास. गावातली कुरबुर दोन दिवसांत विरून गेली. ज्यांना जंगलातले चिंपांझी मिळणार नव्हते, त्यांना हा मिळाला, आणि तोही ओळखीचा.

बसालिझाने कारखान्यातून रजा घेतली. अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. सकाळी सातला तो झाडावर चढे आणि दिवस कलला की उतरे. दुपारचं जेवण बहीण टोपलीतून दोरीने वर पाठवी. ते खातानासुद्धा तो हातातला घास आधी हुंगून मग खाई, कारण न जाणो, कुंपणापलीकडून कोणी बघत असलं तर! कोबुसिंगे पुन्हा आमटी वाढू लागली.

जायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, उद्यानाची वनरक्षक कटुसाबे गावात आली. सहा जणांची नावं घेणं आणि ती माणसं ठणठणीत आहेत ना ते बघणं हे तिचं काम. ती मास्तरांचीच विद्यार्थिनी. अंगणात पाऊल टाकताच तिला चुन्याच्या रेषेमागे फडकी बांधून बसलेले सहा लोक दिसले. तिची मान आपोआप वर गेली.

"मास्तर, झाडावर कोण आहे?"

"मुख्य नर," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हळू बोल. अजून वीस मिनिटं आहेत."

कटुसाबे जंगलात नऊ वर्षं काढलेली बाई. तिने खिशातला मास्क काढून तोंडाला लावला आणि वीस मिनिटं मुकाट बसून बघितलं. मग झाडाखाली जाऊन म्हणाली, "काका, खाजवणं छान आहे. पण चिंपांझी दिवसासुद्धा आडवा पडतो, आणि पडायला घरटं बांधतो. आजूबाजूच्या फांद्या आत वाकवायच्या, पायाने दाबायच्या, वर पाला अंथरायचा. तुम्ही त्या फांदीवर बसलाय ते गावच्या बसथांब्यावर बसल्यासारखं दिसतं."

बसालिझाने शाळेत मास्तरांचं कधी ऐकलं नव्हतं. पण कटुसाबेचा शब्द न् शब्द त्याने टिपून घेतला. तिसऱ्या प्रहरी घरटं तयार होतं.

जाताना कबोनेसा आजीने तिला अडवलं. "आमच्या पत्राचं काय झालं? त्या मोठ्याचं लाडनाव काय?"

"आजी, आम्ही त्याला तेरा नंबर म्हणतो."

आजीने कपाळावर हात मारला. "आईबाप असते तर असं झालं नसतं," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे, शिष्टाचारप्रमुखाच्या अधिकारात, तिने त्याचं लाडनाव अबूकी ठेवून टाकलं.

अठ्ठावीस तारखेला पहाटे सहा जण निघाले. बसालिझा त्यांना निरोप द्यायला आला नाही. नऊ वाजता शेजारच्या न्यामिको गावची तुकडी यायची होती, आठ दिवसांपासून ठरलेली. तो घरटं झटकत होता.

फाटकावर सह्या झाल्या, मोजे तपासले गेले आणि आठ वाजता कटुसाबे त्यांना घेऊन जंगलात शिरली. आदल्या रात्री चिंपांझी जिथे झोपले होते, तिथली घरटी रिकामी होती. खाली ताजी विष्ठा पडली होती. कटुसाबे तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "पश्चिमेला गेलेत." ते पश्चिमेला गेले. दलदल लागली. ती ओलांडली. टेकाड लागलं, तेही ओलांडलं. दुकानदाराचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. दूरवर मधूनच आरोळ्या ऐकू येत आणि सगळे उत्साहाने धावत, की आरोळ्या आणखी पुढे सरकत. धर्मोपदेशक वाटेतल्या प्रत्येक ओंडक्यावर बसून एक छोटी प्रार्थना म्हणे. आजी मात्र पोलिसी पँटमध्ये सर्वांच्या पुढे.

साडेबाराच्या सुमाराला कटुसाबेची पावलं मंदावली. तिने वायरलेसवर काहीतरी विचारलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "मास्तर, हे जंगलाच्या हद्दीबाहेर चाललेत."

"नियमात काय आहे?"

"ते जिथे जातील तिथे आपण."

झाडी विरळ झाली. एक ओहोळ लागला, आणि मास्तरांच्या मनात आलं, की असाच ओहोळ आपल्याकडेही आहे. मग केळी दिसल्या. या केळींची वाळकी पानं कोणीतरी अर्धीच सोलून ठेवली होती. मास्तरांनी त्या पानांकडे पाहिलं आणि त्यांना आपला कोयता ओळखू आला.

साडेचार तास चालून ते स्वतःच्या परसात आले होते.

कटुसाबेने हात वर केला. सगळे थांबले. फणसावर चिंपांझी होते. मोठे, लहान, पोटाला पिल्लू लावलेले. पिकलेला फणस फोडून गपागप खाणं चाललं होतं. आणि मधोमध, आपल्या घरट्यात, गुडघे छातीशी घेऊन बसालिझा बसला होता. त्याच्या पायात निळी स्लिपर होती.

मास्तरांच्या घशातून "अते..." एवढंच निघालं. कटुसाबेने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"मास्तर, आवाज नाही. ते चिडले तर आपल्यावर नाही येणार, काकांवर जातील."

"तो माझा मेव्हणा आहे."

"नियम सहा, गप्प राहायचं," कटुसाबे म्हणाली. "हळू खाली बसा."

मास्तर बसले. अंगणाच्या पलीकडच्या कडेला चुन्याची रेषा होती आणि तिच्यामागे न्यामिकोचे सहा जण फडकी बांधून अगदी शहाण्यासारखे बसले होते. ते नऊ वाजता आले होते. तास संपल्यावर कोबुसिंगेने त्यांना जेवायला ठेवून घेतलं होतं. जेवून निघणार, तोच दहा-बारा काळी मंडळी कुंपणावरून आत आली, म्हणून ते उत्सुकतेने पुन्हा रेषेमागे बसले. त्यांच्यातल्या म्होरक्याने मास्तरांना पाहून कौतुकाने मान डोलवली. पुढे अनेक दिवस तो सांगत होता, की न्याबुरारावाल्यांनी त्या दिवशी कलाकार जरा जास्तच आणले होते, आणि कपडे तर अप्रतिम होते.

स्वयंपाकघराच्या दारात कोबुसिंगे उभी होती. एका हातात पातेलं, दुसऱ्यात डाव. मास्तरांनी बसल्या जागेवरून हात जोडले आणि मानेनेच सांगितलं, नको. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचं ऐकल्याचे प्रसंग मोजकेच होते. तिने फणसाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. डाव हवेत तसाच राहिला. मग तिने तो फार हळूच खाली केला.

तेवढ्यात सर्वांत मोठा नर, तोच तेरा नंबर, वरच्या फांदीवरून उतरून घरट्यापाशी आला. बसालिझाच्या नाकपुड्या फुगू लागल्या. मास्तरांना ती खूण ठाऊक होती. मंगळवारच्या रांगेत त्यांनी त्याच नाकपुड्यांकडे पाहत आकडे मोजले होते. ते मनातल्या मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. आता ते त्याला बाद करायला मोजत नव्हते. तू टिक, अतेन्यी, तू टिक, असं म्हणत मोजत होते. नराने वाकून बसालिझाच्या तोंडासमोर तोंड आणलं. कबोनेसा आजीने फडक्याआडून अगदी हळू, अदबीने म्हटलं, "अबूकी." नराने बसालिझाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एका हाताने त्याला बाजूच्या फांदीवर सारलं, जशी बसमधली बाई खिडकीजवळच्या माणसाला सरकवते, आणि स्वतः घरट्यात जाऊन पडला.

मास्तर शंभरपर्यंत गेले, दोनशेपर्यंत गेले, चारशेच्या पुढे त्यांचा आकडा चुकला. शिंक आली नाही.

कटुसाबेने घड्याळ पाहिलं. "तास झाला. उठा."

"उठा म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"परत जायचं. फाटकावर बाहेर पडल्याची सही लागते. आणि आपण जेवढे जास्त थांबू, तेवढे तेही थांबतील. माझे दोन सहकारी ओहोळापाशी आलेत, ते काकांवर लक्ष ठेवतील."

यादीतला शेवटचा नियम तेवीस. आल्याप्रमाणे सर्वांनी एकत्र परतावं. मास्तर उठले. स्वतःच्या घराकडे पाठ करून ते केळीच्या बागेत शिरले, तेव्हा दारातून कोबुसिंगेची कुजबुज आली. पण तिची कुजबुजही अंगणभर ऐकू जाणारी. "अराली! कुठे निघालात?"

"सही करायला," मास्तर तितक्याच हळू म्हणाले. नंतरच्या आयुष्यात कोबुसिंगेने हे उत्तर त्यांना निदान दोनशे वेळा ऐकवलं.

फाटकावर एक तक्ता भरायचा होता. 'किती चिंपांझी दिसले?' दुकानदार म्हणाला अकरा. बहिणी म्हणाल्या बारा. धर्मोपदेशक म्हणाला, बारा धरायचे तर निळी स्लिपरही धरावी लागेल. मास्तर लेखणी घेऊन बराच वेळ बसले आणि शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक रकाना कोरा सोडला.

मोटारसायकलवर मागे बसून ते घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. चिंपांझी केव्हाच निघून गेले होते. झाडावर एकही पिका फणस उरला नव्हता. ओसरीवर बसालिझा चहाचा पेला हातात घेऊन बसला होता, आणि चहा निवून गेला होता. कोबुसिंगे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले. "लागलं कुठे?"

"नाही."

"घाबरलास?"

"आधी घाबरलो. मग नाही." बसालिझाने पेल्यात पाहिलं. "दाजी, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही हो. मी दहा दिवस बसलो तिथे. तो मोठा आला, मला एकदा असं बघितलं, तपासनीस आले की तुम्ही नव्या शिक्षकाकडे बघायचात ना, तसं. आणि माझ्या घरट्यात आडवा झाला. दोनदा कूस बदलली. मग उठून गेला. त्याला ते आवडलं नाही."

"अरे, त्याला फणस खायचा होता."

"फणस खाऊन झाला होता. तो झोपायला आला होता, आणि त्याला झोप लागली नाही." बसालिझाने पेला खाली ठेवला. "काहीतरी चुकलं असणार माझं. फांद्या नीट वाकल्या नसतील."

एवढं मोठं संकट डोक्यावरून गेलेलं, आणि हा माणूस घरट्याचं दुःख करत बसला आहे, हे बघून दुसरा कोणी हसला असता. मास्तर हसले नाहीत. मुलाचा निबंध नापास झाल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं, आणि नापास करणारे बहुतेक वेळा तेच होते. ते उठले. पायातले चिखलाचे बूट काढले, पँट मोज्यांत खोचलेलीच होती. फणसाला शिडी लावली आणि चढायला लागले.

"अराली, वय काय तुमचं!" कोबुसिंगे ओरडली आणि धावत जाऊन तिने शिडी धरली.

शिडी संपली तिथून पुढे ते फांदीला मिठी मारत, थांबत, धापा टाकत वर गेले आणि घरट्यात शिरले. आधी बसले. मग हातपाय आखडून आडवे झाले. पाठीला एक गाठ टोचत होती, ती त्यांनी पाल्याची मूठ सरकवून झाकली. डाव्या कुशीवर वळून पाहिलं, उजव्या कुशीवर वळून पाहिलं. चहाच्या मळ्यावर ऊन तिरपं झालं होतं, आणि त्यांच्या घराच्या पत्र्यावर, गळतो गळतो म्हणून कोबुसिंगे दोन वर्षं ओरडत होती तो भाग इथून स्पष्ट दिसत होता. खाली दोन चेहरे वर करून उभे होते. कुंपणापलीकडून कबोनेसा आजीही पँटमध्येच येऊन उभी राहिली होती.

बराच वेळ वरून काही आवाज आला नाही.

"मेले की काय?" आजीने विचारलं.

"अतेन्यी!" वरून मास्तरांचा आवाज आला. हा त्यांचा शाळेतला निकाल सांगायचा आवाज होता. "गाठ सोडली तर काम उत्तम आहे. डोक्याकडची बाजू तर फारच उत्तम."

बसालिझाने निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

"आणि अतेन्यी," थोड्या वेळाने वरून पुन्हा आवाज आला, आता जरा बारीक, "इथून उतरताना पहिला पाय कुठला टाकायचा?"

बसालिझाने स्लिपर काढल्या आणि तो झाडाकडे निघाला. "हलू नका, दाजी," तो म्हणाला. "तुम्हाला नाही जमायचं ते. मी येतो वर."